खडकीची नहर, लोणारची धार आणि आपली विहीर

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काका, इतिहासावर काहीतरी लिहा, पण कंटाळवाणं नको" अशी प्रेमळ तंबी संपादक मंडळाने दिली आहे. मी इतिहासाचा पदवीधर असलो, तरी आयुष्य गेलं बँकेत, लेजर आणि व्हाउचर यांच्यात. त्यामुळे इतिहास वाचतानाही माझी नजर आधी आकड्यांवर जाते आणि मग माणसांवर. ही सवय आता या वयात सुटणार नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

या जानेवारीत आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक गटातले आम्ही अकराजण दोन रात्री, तीन दिवसांच्या सहलीला गेलो होतो. पहिला दिवस औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. दुसऱ्या दिवशी सिंदखेडराजामार्गे लोणार आणि तिसऱ्या दिवशी परत. वेरूळ-अजिंठा बहुतेकांचं पूर्वी झालेलं होतं, म्हणून या खेपेला ते मुद्दाम वगळलं. मनात काही ठरवलेलं नव्हतं, पण तीन दिवस आम्ही जे जे पाहिलं, ते सगळं शेवटी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबलं. ती गोष्ट म्हणजे पाणी.

हबशी वजीर आणि त्याचं शहर

आपण पुणेकर खडकी म्हटलं की दारूगोळ्याचा कारखाना आणि रेल्वे स्टेशन आठवतो. पण मराठवाड्यातही एक खडकी होती. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तिथे आपली राजधानी वसवली. मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतल्या हबशी प्रदेशातला, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरत दख्खनमध्ये आला आणि स्वतःच्या कर्तबगारीवर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. जहांगीर बादशहाच्या फौजांना त्याने वर्षानुवर्षं दमवलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी त्या लढाईत कामी आले. जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करून सारा ठरवण्याची त्याची पद्धत 'मलिकंबरी' म्हणून पुढेही ओळखली गेली. शेतीकर्जाच्या फायली हाताळलेल्या माझ्यासारख्याला या माणसाबद्दल जरा जास्तच आदर वाटतो.

राजधानी वसवायची तर पाणी हवं. खडकीला मोठी नदी नाही. खाम नदी आहे, पण ती पावसाळ्यापुरती. मलिक अंबरने ओळखलं की उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीच्या पोटात पाणी आहे. तिथे विहिरी खणायच्या, त्या भुयारी मार्गाने एकमेकींना जोडायच्या आणि जमिनीच्या नैसर्गिक उतारावर ते पाणी शहरात आणायचं, अशी योजना त्याने आखली. दरबारातल्या मंडळींनी ती हसण्यावारी नेली, असं सांगतात. पण ती योजना पूर्ण झाली. तीच 'नहर-ए-अंबरी'. पंधरा महिन्यांत आणि अडीच लाख रुपयांत काम झालं, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं.

या नहरीला ना पंप, ना वीज, ना डिझेल. फक्त उतार. वाटेत ठरावीक अंतरावर मेनहोल ठेवलेली, म्हणजे माणूस आत उतरून गाळ काढू शकेल. जागोजागी विटा-चुन्याचे उंच खांब उभारलेले, त्यांना तिकडे 'बंबे' म्हणतात. त्यातून पाण्याचा दाब आणि कोंडलेली हवा यांचा हिशेब राखला जाई. शहरात गेल्यावर मातीच्या भाजलेल्या नळांतून पाणी हौदांत पडे आणि हौदावरून घरोघरी जाई. पुढच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या. त्यातल्या एकीचं नाव थत्ते नहर. हे नाव ऐकून आमच्या गटातल्या सदाशिव पेठेत जन्मलेल्या मंडळींनी लगेच कान टवकारले!

या शहरावर संकटं काही कमी आली नाहीत. मोगलांनी मलिक अंबरच्या हयातीतच खडकीची राखरांगोळी केली. १६२६ मध्ये तो वारला, त्याची कबर खुलताबादला आहे. त्याचा मुलगा फत्तेखान याने शहराला फत्तेनगर नाव दिलं. १६५३ मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि शहराचं औरंगाबाद झालं. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली. आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. राज्यं बदलली, नावं बदलली, शहर मात्र टिकलं. माझ्या मते त्याचं मोठं कारण जमिनीखाली होतं.

पाणचक्कीपाशी

पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. पाण्याचा पडदा, खाली हौद, मासे, एक फोटो, चला पुढे. आम्ही या वेळी तिथे तासभर बसलो. ही जागा म्हणजे बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूचा दर्गा. हे बाबा बुखाऱ्याकडून आलेले. दर्ग्यात येणारे फकीर, यात्रेकरू आणि विद्यार्थी यांच्या जेवणाचं पीठ दळायला सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे पाण्यावर चालणारं जातं बसवलं गेलं. डोंगराकडच्या विहिरीतून मातीच्या नळांनी पाणी येतं, भिंतीत वर चढतं आणि उंचावरून खाली पडतं. त्या पाण्याच्या जोरावर खालचं पात्यांचं चाक फिरतं आणि त्याबरोबर वरचं जातं. "पंप नाही तर पाणी वर चढतं कसं?" असं बी विंगमधल्या काकूंनी विचारलं. उत्तर सोपं आहे. डोंगराकडचा उगम भिंतीच्या माथ्यापेक्षाही उंचावर आहे. बंद नळातलं पाणी आपल्या मूळ पातळीपर्यंत चढू पाहतं, एवढाच शाळेतला नियम.

मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे. डोक्यावर एवढं पाणी आणि खाली गार, कोरडी खोली. आमच्या एका विंगच्या गच्चीला पंचवीस वर्षांत चार वेळा वॉटरप्रूफिंग करूनही सहाव्या मजल्याच्या छताला ओल येते, हे माजी सेक्रेटरींना सगळ्यांनी एकदमच आठवून दिलं. ते बिचारे हसले आणि म्हणाले, "तो कंत्राटदार मला मिळाला असता तर!"

दुपारी बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली, तिची ही कबर. 'गरिबांचा ताजमहाल' म्हणून लोक नाक मुरडतात, पण उन्हं उतरताना तो फार सुरेख दिसतो. अताउल्ला हा त्याचा वास्तुकार आणि हंसपत राय हा अभियंता, अशी नोंद तिथल्या दरवाजावरच आहे. जुन्या तवारिखेत या इमारतीचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिलेला आहे. मंजुरी सात लाखांची होती, असं म्हणतात. बजेटच्या आत, आणि वर सात आण्यांचाही हिशेब! असा अकाउंटंट माझ्या शाखेत असता तर मी त्याची बदली कधीच होऊ दिली नसती.

बसमध्ये परतताना मी वहीत दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले. नहर अडीच लाख, मकबरा पावणेसात लाख. मधे चार-पाच दशकांचं अंतर आहे, रुपयाची किंमत तीच राहिलेली नाही, म्हणून थेट तुलना योग्य नाही हे मला कळतं. तरी एक गोष्ट खरी. मकबऱ्याचं तिकीट आपण काढतो, फोटो काढतो, आणि ज्या नहरीवर पिढ्यान्‌पिढ्या हजारो माणसं जगली तिच्या बंब्यांवरून जाहिरातींचे फलक लटकताना पाहूनही आपण थांबत नाही.

नहरीचं पुढे काय झालं? शहर वाढलं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झालेलं पैठणचं जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं आणि तिथलं गोदावरीचं पाणी शहराला मिळू लागलं. धरण हवंच होतं, त्याबद्दल वाद नाही. लाखोंच्या शहराला नहरी पुरल्या नसत्या. पण लांबचं पाणी नळाने येऊ लागल्यावर जवळच्या पाण्याकडे पाहणं थांबलं. मेनहोलांवर बांधकामं झाली, रस्त्यांच्या खोदाईत मार्ग तुटले, गाळ काढायला कोणी उतरेना. आज त्या शहरात नळाला काही काही दिवसांआड पाणी येतं आणि गल्लीबोळांत टँकर फिरतात. तरीही नहरीच्या काही भागांत अजून पाणी वाहतं आहे. चारशे वर्षांनी!

वाटेत सिंदखेडराजा

दुसऱ्या दिवशी सकाळी जालनामार्गे सिंदखेडराजा. १२ जानेवारी १५९८ रोजी इथे जिजाऊंचा जन्म झाला. लखुजी जाधवरावांच्या वाड्याच्या त्या भव्य दरवाजातून आत जाताना आमच्या गटातल्या सगळ्या महिला न सांगता शांत झाल्या. जिजाऊंच्या जन्मस्थानी सगळ्यांनी डोकं टेकवलं. जवळच लखुजीरावांची समाधी आहे. १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशाही दरबारात लखुजीराव आणि त्यांच्या मुलांना दग्याने मारलं गेलं. ज्या निजामशाहीसाठी मलिक अंबरने जन्म वेचला, तिने त्याच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांत आपला सर्वांत मोठा मराठा सरदार असा गमावला. त्यानंतर ती निजामशाही फार टिकली नाही.

पण मला सांगायचं आहे ते इथल्या मोती तलावाबद्दल. जाधवरावांच्या काळातला हा तलाव. त्याची दगडी भिंत नुसती पाणी अडवणारी नाही, तिच्यात बसायला-उठायला जागा आहे, पाणी सोडण्याची सोय आहे. गावात पुतळा बारव आहे, चांदणी तलाव आहे. वाडा राहण्यासाठी आणि तलाव गावासाठी, असा तो हिशेब. आपण जिजाऊंचा जन्मवाडा पाहतो आणि निघतो. पण ज्या घरात त्या वाढल्या, त्या घराने गावासाठी पाण्याची सोय केली होती, हेही मुलांना सांगायला हवं.

लोणार

लोणारला आम्ही दुपारी पोहोचलो. बुलढाणा जिल्ह्यात मी ऐंशीच्या दशकात तीन वर्षं नोकरी केली, पण तेव्हा मोटारसायकलवरून कर्जाच्या पाहणीला हिंडताना लोणारचं सरोवर काठावरूनच पाहिलं होतं. त्या काळी विहिरीच्या कर्जाचे हप्ते आम्ही काम बघून देत असू. खोदाई झाली की पहिला, बांधकाम झालं की पुढचा, शेवटी इंजिन किंवा मोटार. पाणी लागलं की शेतकरी आधी घागरभर पाणी काढून साहेबाला पाजायचा आणि मग सहीसाठी कागद पुढे करायचा. त्या पाण्याची चव अजून जिभेवर आहे.

लोणार हे उल्का आदळून बनलेलं विवर. बेसाल्ट खडकात, म्हणजे आपल्या काळ्या दगडात असं विवर जगात फार दुर्मीळ. काठाकाठाने रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. त्याचं वय पूर्वी ५२ हजार वर्षं धरत, नंतरच्या तपासणीत ते ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास निघालं. तळाशी उथळ सरोवर, पाणी खारट आणि अतिशय क्षारयुक्त. काकूंच्या रुमालावर सकाळच्या पिठल्याचा हळदीचा डाग होता. कोणीतरी त्यावर सरोवराचे दोन थेंब टाकले आणि डाग लालभडक झाला. आपलं कुंकू असंच हळदीला क्षार लावून करतात. शाळेतली प्रयोगशाळा एका रुमालावर झाली.

या पाण्याचा इतिहासही जुना आहे. अबुल फझलच्या 'ऐन-ए-अकबरी'त लोणारचा उल्लेख आहे. इथे काच आणि साबण बनवायला लागणारं सगळं मिळतं आणि त्यावरच्या करातून सरकारला चांगलं उत्पन्न होतं, अशी ती माहिती. इंग्रजांच्या काळातही इथून क्षार काढत. त्याच्या दल्ला, पापडी, भुसकी अशा प्रती ठरलेल्या होत्या. पुराणाने मात्र वेगळी कथा सांगितली. लवणासुर नावाचा दैत्य इथे राहत होता, विष्णूने त्याला मारलं. त्या विष्णूचं दैत्यसूदन मंदिर गावात आहे. भिंतींवरचं आणि छतावरचं कोरीवकाम पाहून मान दुखली तरी नजर हलत नव्हती.

आणि आता गंमत. या खाऱ्या सरोवराच्या अगदी काठावर, वर, गोड्या पाण्याची बारमाही धार आहे. दगडी गोमुखातून ती अखंड पडते. लोक स्नान करतात, तांबे भरून नेतात. खाली कमळजा देवीच्या मंदिराजवळ 'सासू-सुनेची विहीर' आहे. तिच्यातलं एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं, असं सांगतात. "गोड कोणाचं?" हा प्रश्न आमच्यात फार वेळ चघळला गेला, पण कोणीही उत्तर देण्याचं धाडस केलं नाही.

जून २०२० मध्ये हे सरोवर एकाएकी गुलाबी झालं, ते आपण सगळ्यांनी लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर पाहिलं. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने पाण्याची तपासणी केली. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या गुलाबी रंगद्रव्यामुळे तो रंग आला होता. पाणी आटून खारेपणा वाढला, की हे जीव फोफावतात. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जाही मिळाला. पण चिंता वेगळीच आहे. गावाचं सांडपाणी आणि आसपासच्या शेतांतलं पाणी सरोवरात उतरू लागलं, की लाखो वर्षं जपलेला हा खारेपणा बिघडतो आणि त्यावर जगणारे जीव संपतात. यासाठी लोकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जावं लागलं. औरंगाबादला माणसं जवळच्या पाण्याला विसरली म्हणून नुकसान झालं. लोणारला पाण्याला त्याच्या जागी सुखाने राहू दिलं नाही म्हणून. दोन्हीकडे निसर्गाने कसूर केलेली नाही.

आपल्या अंगणातली विहीर

आता इतक्या लांबून मी घरी येतो. आपली सोसायटी ज्या जागेवर उभी आहे तिथे पूर्वी शेत होतं, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. ए विंगच्या मागे, सिमेंटच्या झाकणाखाली, त्या शेताची दगडी बांधणीची विहीर आहे. पंचवीस वर्षांत जन्मलेल्या आपल्या मुलांपैकी अनेकांनी ती उघडी कधी पाहिलेलीच नाही. येत्या सर्वसाधारण सभेत ती बुजवून तिथे पार्किंग करण्याचा ठराव येणार आहे.

पार्किंगची अडचण खरी आहे. मी स्वतः गाडी ठेवायला रात्री दोन फेऱ्या मारतो. विहिरीत कोणी पडेल ही आई-वडिलांची भीतीही खरी आहे. मी त्या दोन्ही गोष्टी हलक्या मानत नाही. पण गेले तीन उन्हाळे मेंटेनन्सच्या पावतीवर टँकरची वेगळी ओळ येते आहे, हेही तितकंच खरं. ती ओळ वर्षागणिक लांबत चालली आहे आणि टँकरच्या भावावर आपला काहीच ताबा नाही.

बँकेत एक साधा नियम होता. कुठलंही खातं बंद करण्याआधी त्यात शिल्लक किती आहे ते पाहायचं. आपण या विहिरीची शिल्लक कधी पाहिलेलीच नाही. म्हणून माझी सूचना एवढीच. ठराव एक वर्ष पुढे ढकला. झाकण काढून गाळ उपसू या, तोंडावर मजबूत लोखंडी जाळी आणि कुलूप बसवू या. मे महिन्यात, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरमध्ये पाण्याची पातळी मोजू या, पाणी तपासून घेऊ या. गच्चीवरचं पावसाचं पाणी आज गटारात जातं, ते गाळून विहिरीच्या बाजूला जिरवू या. प्यायला नाही, पण बाग, गाड्या आणि संडासाच्या टाक्या यांना ते पाणी चाललं तरी टँकर किती कमी होतात, ते हिशेबात दिसेल. वर्षभराने आकडे हातात घेऊन सभेने काय तो निर्णय करावा. तो विहिरीच्या विरुद्ध गेला तर मी हात वर करून त्याला पाठिंबा देईन. पातळी मोजायचं आणि वही ठेवायचं काम मी बिनपगारी करायला तयार आहे. सोबतीला सातवी-आठवीतली दोन मुलं मिळाली तर उत्तम, कारण पुढची वही त्यांनीच ठेवायची आहे.

नहर बांधणारा एकटा मलिक अंबर होता, पण ती वाहती ठेवली ती मेनहोलात उतरून गाळ काढणाऱ्या माणसांनी. त्यांची नावं कुठल्याही तवारिखेत नाहीत. सोसायटीही अशीच चालते. गेली पंचवीस वर्षं लिफ्ट, मोटार, टाकी, हिशेब आणि भांडणं सांभाळणाऱ्या सर्व आजी-माजी कार्यकारिणी सभासदांना, आपल्या वॉचमनदादांना आणि सफाई करणाऱ्या ताईंना माझा मनापासून नमस्कार. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बहुधा माझा लेख नसेल. पण त्या स्मरणिकेत आपल्या विहिरीच्या पंचवीस वर्षांच्या पातळीचा तक्ता छापलेला असावा, अशी इच्छा आहे.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा.